शेंदुर्णी स्टेशनाच्या फलकासाठी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, स्टेशनाबाहेर माहितीचा फलक लावायचं तुमच्या मंडळींनी ठरवलं, फार बरं वाटलं. मजकूर मागितलात म्हणून सविस्तर लिहिते. ‘इंग्रजांच्या काळातलं स्टेशन’ एवढ्यावर भागवू नका. हे स्टेशन कापसासाठी आलं आणि पाचोऱ्याला माल उतरवून पुन्हा चढवावा लागायचा त्यापायी मागे पडलं, हे फलकावर यायलाच हवं.

मुंबई-भुसावळ मोठी लाइन १८६० च्या दशकात झाली. पण जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णी, पहूर, जामनेरची काळी जमीन तिच्यापासून लांब, आणि पावसाळ्यात चिखलातून बैलगाड्या निघत नसत. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची छोटी लाइन आली. आपली पी.जे. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा ही मधली स्टेशनं. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनीचं १६७६. अरुंद लाइनीला वळण आखूड चालतं, भराव कमी लागतो, पूल हलके बांधता येतात. थोड्या पैशात लाइन उभी राहते.

पण हीच बचत पुढे नडली. छोट्या लाइनीचा डबा मोठ्या लाइनीवर जाऊच शकत नाही. जिनातली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, कापसाची गाठ आधी बैलगाडीत, मग छोट्या डब्यात, पाचोऱ्याला हमालांनी आकडे लावून ओढून मोठ्या डब्यात. आजची गाठ १७० किलोची असते, त्यावरून त्या मेहनतीचा अंदाज बांधा. दरवेळी हमाली पडते, गोणपाट फाटतं, कापूस सांडतो. डांबरी रस्ते झाल्यावर ट्रक जिनाच्या दारात भरून थेट मुंबईला जायला लागला. माल गेला, सवारी तेवढी उरली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्यात थांबलेली पी.जे. पुन्हा धावली नाही. आता ही लाइन मोठी करून बोदवडपर्यंत न्यायची योजना आहे. बोदवड भुसावळ-नागपूर मार्गावर आहे, म्हणजे जामनेर शेवटचं स्टेशन राहणार नाही. मला हे मनापासून हवं आहे. मात्र मोठ्या लाइनीसाठी जुने रूळ, स्लीपर म्हणजे रुळाखालचे आडवे ओंडके किंवा पट्ट्या, सगळं निघतं, म्हणून जे अजून जागेवर आहे त्याची नोंद आधी करा.

रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव, वजन आणि साल उठावाच्या अक्षरांत असतं. जुन्या रुळावर वजन बहुधा यार्डाला इतके पौंड असं दिलेलं सापडेल. तारेच्या ब्रशने हलक्या हाताने गंज काढा, खडू आडवा धरून फिरवा, अक्षरं पांढरी उठतील. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढा, दुपारच्या उन्हात उठाव दिसत नाही. आणि रुळावरचं साल म्हणजे लाइनीचं साल असं धरू नका. अशा छोट्या लाइनींवर दुसरीकडून काढलेले रूळही टाकत, त्यामुळे साल आधीचंही निघेल, नंतरचंही. अंतर मोजताना टेप रुळाच्या डोक्याच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत धरा. जोडावरची फिशप्लेट म्हणजे दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी, तिचे बोल्ट, स्लीपर लाकडी की लोखंडी, सगळ्याचे फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून घ्या, नाहीतर मागाहून आकार कळत नाही.

इमारतीच्या भिंती चुन्यात असतील तर कुणालाही सिमेंटचा गिलावा मारू देऊ नका. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून धरतं आणि दोन-चार पावसाळ्यांत आतला दगड-वीट भुगा होऊन सुटतो. सांध्यात पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळासोबत दगड निघतो. बुंध्याशी कापा आणि पुन्हा फुटला की पुन्हा कापा.

आई, तुझ्या ट्रंकेत किंवा शेजारपाजारी पुठ्ठ्याची जुनी तिकिटं असतील तर बघशील का? साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरचा तो तुकडा. तारीख मशीनने दाबून उठवलेली असते. शाई उडाली तरी बॅटरी तिरपी धरली की आकड्यांचे खड्डे दिसतात. लॅमिनेशन करू नकोस, दाबाने ते खड्डे सपाट होतात. साध्या कागदाच्या घडीत ठेव.

बाबा, आवारात जाण्याआधी मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाला लेखी अर्ज द्या आणि फलकाची जागाही त्यातच मागा. आठवण म्हणूनसुद्धा कुणी बोल्ट किंवा खिळा खिशात घालू नये. १९६६ च्या कायद्याने रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं गुन्हा आहे. पोरांना हे आधीच सांगा.

फोटो आले की मजकूर पक्का करून पाठवते. दोघंही उन्हाचं जपून.

तुमची,
वैशाली