लक्ष ठेवणारं माणूस

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की सुट्टीचे दिवस मी ज्या संस्थेत घालवते तिथे नेमकं चालतं काय, आणि जे काम शाळेनं किंवा सरकारनं करायचं ते तुम्ही का अंगावर घेता. प्रश्न रास्त आहे. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं होण्यापेक्षा नीट लिहावं असं वाटलं, कारण शेवटी तुम्हा दोघांकडे काहीतरी मागायचंही आहे.

आमच्याकडे मुलांना पोहायला आणि पाण्यात सुरक्षित राहायला शिकवतात, संध्याकाळी अभ्यासवर्ग असतात, आणि सगळ्या वयाच्या लोकांचे व्यायामाचे गट चालतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही तीन वेगळी खाती वाटतात. मला मात्र आता पक्कं वाटतं की काम एकच आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी एक जबाबदार मोठं माणूस हजर असावं आणि त्याचं लक्ष समोरच्या जिवावर असावं, एवढंच. घरी हे नेहमी जमत नाही. आई-वडील पोटामागे असतात, त्यांचा काय दोष? शाळेत एका शिक्षकापुढे इतकी मुलं असतात की मागच्या बाकावरचं कोण गप्प झालंय हे कळायलाच वर्ष सरतं. मग उरतात शेजारीपाजारी, आणि संस्था म्हणजे वेळ ठरवून आलेले शेजारीच.

पाण्यापासून सुरुवात करते, माझा जीव तिथेच जास्त आहे.

आई, लहानपणी तू मला पाण्याच्या काठाला फिरकू द्यायची नाहीस. तुला स्वतःला पोहता येत नव्हतं, तेव्हा तू दुसरं करणार तरी काय होतीस? आजही कितीतरी आया हेच करतात. पण पाणी मुलाला कुठे ना कुठे गाठतंच. सहलीत, मित्रांच्या नादानं, पुरात, नाहीतर अगदी घरातल्या भरलेल्या टबात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. दहातले नऊहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. पण त्याच अहवालात हेही आहे की २००० सालापासून बुडून मरण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी खाली आलंय. म्हणजे माणसांनी हातपाय हलवले की फरक पडतो.

बुडणारं माणूस हात उंचावून "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडतं अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आवाजच होत नाही. तोंड पाण्याबाहेर येतं ते जेमतेम श्वास घेण्यापुरतं, ओरडायला हवा कुठून उरणार? हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबू लागतात, त्यामुळे खूण करणंही हातात राहत नाही. शरीर पाण्यात उभंच असतं, आणि एका मिनिटाच्या आत ते खाली जाऊ शकतं. काठावर दहा माणसं गप्पा मारत बसलेली असताना हे होतं. म्हणून आमच्याकडे मुलं पाण्यात असली की एक जण फक्त बघण्याचं काम करतो. तो शिकवत नाही, फोन हातात धरत नाही, कुणाशी बोलत नाही. थोड्या थोड्या वेळानं त्याची पाळी बदलते, कारण डोळे उघडे असले तरी लक्ष थकतं. मी हे काम मागून घेते. लोकांना ते रिकामं बसणं वाटतं. मला त्याच्याइतकं मोठं काम तिथे दुसरं दिसत नाही.

याचा सगळ्यात ठळक दाखला बांगलादेशातला आहे. तिथे लहान मुलं बुडायची ती बहुतेक घराला लागून असलेल्या तळ्यांत नि डबक्यांत, आणि तीही सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आया कामात बुडालेल्या असताना. तिथल्या अपघात-प्रतिबंधावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेनं मग गावोगावी 'आंचल' नावाची पाळणाघरं उघडली. गावातलीच एक बाई, तिला प्रशिक्षण, पाच वर्षांच्या आतली मुलं, आणि नेमके तेच सकाळचे तास. गाणी, गोष्टी, अक्षरओळख, हात धुण्याची सवय, सगळं त्याच खोलीत. पुढे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की तिथे येणाऱ्या मुलांचा बुडण्याचा धोका ८० टक्क्यांहून अधिक घटला होता. बाबा, यात महागडं यंत्र एकही नाही. एका बाईच्या चार तासांत मुलाचा जीव, त्याचं शिक्षण आणि त्याचं आरोग्य तिन्ही राखलं गेलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे सापडलं नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी त्याच मंडळींनी पोहण्याचे वर्ग काढले. तलाव बांधायला पैसा नव्हता, तर गावच्याच तळ्यात बांबूचा मंच उभारला, भोवती कुंपण केलं आणि त्या चौकटीत मुलांना उतरवलं. आज जागतिक आरोग्य संघटना ज्या उपायांची शिफारस करते त्यांत ही दोन्ही आहेत: लहानग्यांसाठी पाण्यापासून दूर, देखरेखीची जागा, आणि शाळकरी मुलांना पोहण्याचं नि पाण्यात सुरक्षित राहण्याचं मूलभूत शिक्षण. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली ठराव करून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. त्या दिवशी आम्ही भाषणं ठेवत नाही, पालकांनाच पाण्यात उतरवतो.

आमच्या वर्गात हात मारायला शिकवणं बरंच नंतर येतं. आधी तोंड पाण्यात घालून फुगे काढायचे. मग पाठीवर निजून तरंगायचं, कान पाण्याखाली गेले तरी न घाबरता. मग पडल्या जागी वळून काठ गाठायचा आणि कुणाच्या मदतीशिवाय वर चढायचं. हे अंगातल्या कपड्यांसकटही करून घेतो, कारण खरोखर पाण्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. पाठीवर तरंगता आलं की मुलाचा चेहरा असा काही बदलतो की ते बघायला तुम्ही इथे असायला हवं होतंत.

सगळ्यात अवघड धडा शूर मुलांना आवरण्याचा. मित्र गटांगळ्या खाताना दिसला की मूल विचार न करता उडी टाकतं, आणि घाबरलेला जीव त्यालाच मिठी मारून दोघांना तळाशी नेतो. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सराव घेतो. आधी ओरडून मोठ्यांना बोलवायचं. मग काठी, दोर, लांब कापड, बूच लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते पुढे करायचं किंवा फेकायचं. स्वतः काठावर पालथं पडून घट्ट राहायचं. उतरायचं नाही. मोठ्यांना याच्या जोडीला कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवतो. बाहेर काढलेल्याचं पोट दाबून पाणी काढायचं किंवा त्याला उलटं धरायचं ही समजूत अजून फार ठिकाणी आहे, आणि तिच्यात मोलाची मिनिटं जातात. बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडानं श्वास आणि लगेच छाती दाबणं, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी रुग्णवाहिका बोलावणं. हे वाचून जमत नाही, हातानं करूनच शिकावं लागतं.

सरकारनं करायचं काम तुम्ही का करता, असं तुम्ही म्हणालात. बाबा, या कामाची सुरुवातच मुळी सामान्य लोकांनी केलेली आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्यांत माणसं बुडायची, तेव्हा १७६७ साली काही नागरिकांनी एकत्र येऊन बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी संस्था काढली. काय करावं याच्या सूचना छापून वाटल्या, वाचवणाऱ्यांना पदकं नि बक्षिसं दिली. त्यांचे काही उपाय आज कुणी करणार नाही, पण तोंडानं श्वास द्यावा हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. लंडनमध्ये १८४४ साली कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स नावाच्या तरुणानं मित्रांबरोबर वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) ही संस्था सुरू केली, ती दिवसभर राबून एकट्या पडलेल्या तरुण कामगारांसाठी. त्याच संस्थेच्या अमेरिकेतल्या शाखांनी पुढे पोहणं गटानं शिकवायला घेतलं. डेट्रॉइटमध्ये १९०९ साली जॉर्ज कॉर्सन मुलांना आधी कोरड्या जमिनीवरच हातपाय मारायला लावत आणि भीड चेपली की पाण्यात नेत. आणि बाबा, तुम्हाला आवडणारा व्हॉलीबॉलसुद्धा तिथलाच. विल्यम मॉर्गन यांनी तो १८९५ साली बसवला, कारण बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की वयानं मोठ्या सभासदांना झेपत नव्हती. वय झालेल्यांनी घरी बसावं असं त्यांनी म्हटलं नाही, त्यांच्यासाठी नवा खेळ काढला. मला हे फार भावतं.

आता अभ्यासवर्ग. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसेल तर त्याला पाचवीचंच पुस्तक पुढे रेटण्यात काय हशील? १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' या शिक्षणसंस्थेनं हे ओळखलं. इयत्ता बाजूला ठेवायची, मुलाला आत्ता काय येतं ते बघायचं, तेवढं येणाऱ्या मुलांचा एक गट करायचा आणि तिथून वर न्यायचं. शिकवणारे बरेचदा त्याच वस्तीतले, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले तरुण. या पद्धतीची कसून पारख झाली. ती करणाऱ्या संशोधकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आज आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत ती चालते. आम्हीही तशीच वापरतो. आमच्या वर्गातलं एक मूल अक्षरं जोडताना इतकं हळू बोलायचं की बाजूच्याला ऐकू जाऊ नये. आता ते दुसऱ्यांना गोष्ट वाचून दाखवतं. त्याला शिकवणारी मुलगी स्वतः अजून महाविद्यालयात आहे. तिनं वेगळं काही केलं नाही, फक्त एकही दिवस चुकवला नाही.

मात्र संस्था म्हटली की सगळीच चांगली असं नाही, हे मला ठामपणे सांगायचंय. एका दिवसाचं शिबिर घ्यायचं, छायाचित्रं काढायची आणि पुन्हा फिरकायचं नाही, याचा मुलांना काडीचा उपयोग नसतो. उलट कुणीतरी येतं आणि सोडून जातं एवढंच ती शिकतात. संस्था बघताना मी काही गोष्टी विचारतेच. मुलाबरोबर मोठं माणूस कधी एकटं असतं का? असू नये, दोघं हवीतच. येणाऱ्यांची आधी चौकशी होते का? पाण्यात शिकवणारा आणि पाण्यावर लक्ष ठेवणारा वेगळा आहे का? मुलाला काही खुपलं तर ते कुणाला सांगायचं, हे मुलाला ठाऊक आहे का? असे प्रश्न विचारल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात तिथे मी मूल पाठवायला सांगणार नाही.

व्यायामाच्या गटांबद्दल थोडंच सांगते. ११ ते १७ वयाच्या पाचांतल्या चार मुलांची रोजची हालचाल पुरेशी नसते, असं जागतिक आकडे सांगतात. त्यांना दिवसाला ६० मिनिटं तरी हवी. पण मला आज मुलांपेक्षा तुमच्याबद्दल बोलायचंय. पासष्टीनंतर नुसतं चालणं पुरत नाही. तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत अशी शिफारस आहे, कारण या वयात पडणं फार महागात जातं. आणि छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं की अंगाचा बराचसा भार पाणीच उचलतं, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांनाही चालता येतं.

तर मागणं असं आहे. आई, तू पाण्यात उतर. पोहायला शिकायचं की नाही ते मागाहून बघू, आधी कठडा धरून कमरेएवढ्या पाण्यात चालायचं. आमच्या गटात तुझ्याहून मोठ्या बायका पहिल्यांदाच पाण्यात आलेल्या आहेत. त्याआधी डॉक्टरांना एकदा विचार, तुझ्या गोळ्यांची चिठ्ठी त्यांना दाखव आणि चक्कर येते का हे स्वतःहून सांग.

बाबा, तुम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासवर्गाला द्या. मला वाचायला शिकवताना तुम्ही ओळीखालून बोट फिरवायचात आणि मी अडले की पुढचा शब्द स्वतः न सांगता थांबायचात. तेवढं थांबता येणारी माणसं आम्हाला मिळत नाहीत. तरुण मुलं फार चटकन उत्तर सांगून टाकतात. मात्र दोन संध्याकाळी म्हणजे दोन, नेमानं. मन लागलं तर वाढवा, पण अधूनमधून नको.

तुमच्या जवळपास अशी कोणती संस्था आहे ते तुम्ही दोघांनी मिळून शोधा. वर लिहिलेले प्रश्न विचारायला संकोच करू नका. काय उत्तरं मिळाली ते मला कळवा, मग नाव नोंदवू. पुढच्या वेळी येईन तेव्हा पहिल्या दिवशी मी बरोबर येते. आई, पायात घट्ट बसणारी रबरी तळव्याची चप्पल लागेल, ती मी येताना घेऊन येईन. तुझ्या पायाचं माप तेवढं लिहून पाठव.

तुमची,
लेक