न्यूयॉर्कच्या सांस्कृतिक कार्य आयुक्तांना खुले पत्र: ‘स्टाइल वॉर्स’च्या जतनाचा खर्च शहराने उचलावा

प्रति,
मा. आयुक्त,
सांस्कृतिक कार्य विभाग, न्यूयॉर्क शहर

सप्रेम नमस्कार.

मी क्वीन्समध्ये राहणारा, मूळचा पुण्याचा नागरिक आहे. हे पत्र आधी मराठीत लिहून प्रसिद्ध करत आहे आणि त्याचा इंग्रजी अनुवाद टपालाने आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. ज्या बरोमध्ये (न्यूयॉर्क शहराच्या पाच मोठ्या विभागांपैकी एकात) शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात, तिथल्या रहिवाशाने शहराच्या कारभाराबद्दल स्वतःच्या भाषेत लिहिणे गैर ठरू नये. शिवाय इथे आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मराठी स्नेह्यांनीही हा विषय आपला मानावा, असे मला वाटते.

विषय आहे टोनी सिल्व्हर यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि हेन्री चाल्फंट यांच्यासह निर्माण केलेल्या ‘स्टाइल वॉर्स’ या माहितीपटाचा. जेमतेम सत्तर मिनिटांचा हा चित्रपट १९८३ मध्ये पीबीएस या अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी, पुढे सनडान्स या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या महोत्सवात, माहितीपटांसाठीचे सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक त्याला मिळाले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर रात्री-अपरात्री स्प्रेच्या डब्यांनी स्वतःची नावे रंगवणारी मुले, त्यांच्यावर चिडलेले महापौर एड कॉक, डबे धुऊन काढणारी रेल्वे, जमिनीवर पुठ्ठा अंथरून ब्रेकडान्स करणारी टोळकी, हे सगळे या चित्रपटात आहे. जगाच्या पाठीवर ज्या ज्या शहरात पुढे भिंती रंगल्या, तिथल्या पोरांनी अक्षरे कशी वाकवायची हे बहुतांशी दोन ठिकाणांहून उचलले: एक हा चित्रपट आणि दुसरे चाल्फंट व मार्था कूपर यांचे १९८४ मधले ‘सबवे आर्ट’ हे छायाचित्रांचे पुस्तक.

इतक्या वजनाच्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह खराब होत चालली, तेव्हा तिच्या दुरुस्तीसाठी इंटरनेटवर वर्गणीचे आवाहन करावे लागले. वर्गणी देणारे चाहते होते, जगभरचे होते, आणि त्यांचे आभार मानावेत तितके थोडे. पण ज्या शहराची ही कहाणी आहे त्या शहराने, आणि देशातील शहरी कला-अनुदानांत सर्वांत मोठा मानल्या जाणाऱ्या, वर्षाला वीस कोटी डॉलरहून अधिक वाटप करणाऱ्या आपल्या विभागाने, ही जबाबदारी चाहत्यांच्या खिशावर का सोडावी, हा माझा प्रश्न आहे.

या प्रश्नामागे एक वेगळे कारण आहे, आणि ते मला इतर सर्व कारणांपेक्षा मोठे वाटते. संग्रहालयातले एखादे तैलचित्र पाहायचे तर मूळ चित्र भिंतीवर असते आणि त्याचा चित्रपट हा फक्त दुय्यम पुरावा असतो. इथे मूळ चित्र उरलेलेच नाही. ते ठरवून, पैसे खर्चून, पुसले गेले. कॉक यांच्या काळात आमच्याच क्वीन्समधील कोरोना यार्डाभोवती, म्हणजे रेल्वेगाड्या ठेवण्याच्या आवाराभोवती, काटेरी तारांची दुहेरी कुंपणे घातली गेली, त्या दोन कुंपणांच्या मधल्या पट्ट्यात जर्मन शेफर्ड कुत्री सोडली गेली आणि सात नंबरच्या मार्गावरचे डबे पांढरेशुभ्र रंगवण्यात आले. यार्डांतून रसायनांचे फवारे मारून डबे धुतले जात. मुले त्याला ‘बफ’ म्हणत, आणि बफ झालेल्या डब्यावर रंग पूर्ण जाण्याऐवजी एक मळकट, धुरकट डाग उरत असे. १९८४ मध्ये डेव्हिड गन यांनी भुयारी रेल्वेची सूत्रे हाती घेतल्यावर नियम झाला की एकदा स्वच्छ केलेली गाडी पुन्हा रंगवली गेली, तर ती साफ होईपर्यंत धावणार नाही. १२ मे १९८९ रोजी, सहा हजारांहून अधिक डब्यांच्या ताफ्यातील शेवटचा रंगवलेला डबा हटवण्यात आला, असे रेल्वेने जाहीर केले.

मी त्या मोहिमेला चूक म्हणत नाही. रोज सकाळी सात नंबरने मॅनहॅटनला जाणारा माणूस म्हणून मला खिडकीतून स्थानकाचे नाव वाचता यावे असे वाटते, आणि डब्याच्या आतील नकाशावर कोणी मार्करने गिरगटलेले मला आवडणार नाही. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हाच होता. पण सार्वजनिक यंत्रणेने एखादी गोष्ट इतक्या निश्चयाने नाहीशी केली असेल, तर तिची जी मोजकी धावती नोंद उरली आहे ती सांभाळण्याचे कर्तव्यही सार्वजनिकच ठरते. ‘धावती’ हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे. चाल्फंट ब्राँक्समधील उन्नत स्थानकांवर समोरच्या फलाटावर उभे राहून, गाडी थांबलेली असताना चार-पाच पावले सरकत सरकत एकेका डब्याची छायाचित्रे घेत आणि मग ती जोडून अखंड डबा तयार करत. ती छायाचित्रे अप्रतिम आहेत. २०१९ मध्ये ब्राँक्स म्युझियममध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. पण त्यांत गाडी उभी आहे. ही अक्षरे मात्र हलण्यासाठी काढलेली होती. इमारतींच्या गच्च्यांच्या रांगेतून, उन्हातून, एका बरोतून दुसऱ्या बरोत कोणाचे नाव पळताना दिसते, यावरच कोण ‘किंग’ (उस्ताद) आणि कोण ‘टॉय’ (नवशिका) हे ठरत असे. ते पळणे फक्त फिल्मवर आहे.

आणि फिल्म नाशवंत आहे, हे मला पुण्यातल्या एका कपाटाने शिकवले. माझ्या मुंजीचे चित्रीकरण मामाने आठ मिलिमीटरच्या फिल्मवर केले होते. काही वर्षांपूर्वी घर आवरताना तो पत्र्याचा डबा सापडला. झाकण उघडताच व्हिनेगरचा असा झणझणीत आंबूस वास आला की डोळ्यांत पाणीच आले. रीळ आक्रसून वेडेवाकडे झाले होते, आणि उजेडात धरून पाहिले तर हळदीच्या अंगाने बसलेला मी, भटजी, मंडपाची हिरवी झालर, सगळेच एकसारखे गुलाबी झाले होते. त्या काळच्या बहुतेक फिल्मचा पाया ॲसिटेटचा असे. दमट उष्ण हवेत तो कुजू लागतो, त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते, आणि ते आम्लच कुजण्याचा वेग आणखी वाढवते. एकदा वास येऊ लागला की उलट फिरता येत नाही, थंडाव्यात ठेवून गती मंदावता येते एवढेच. जुन्या रंगीत प्रतींमध्ये निळसर रंगद्रव्य आधी विरते, म्हणून चित्र तांबूस-गुलाबी पडते.

माझ्या मुंजीचे काय व्हायचे ते झाले. पण सोळा मिलिमीटरवर चित्रित झालेल्या ‘स्टाइल वॉर्स’मध्ये रंग म्हणजे सजावट नव्हे, तो मजकूर आहे. कोणत्या मुलाने अक्षराच्या कडेला कोणती छटा ओढली, मागच्या ढगाचा निळा किती फिका ठेवला, आधीच्या कोणाच्या नावावर दुसऱ्याने कुठल्या रंगाचा फराटा मारून अपमान केला, यावर त्या चित्रपटातली अर्धी भांडणे उभी आहेत. एका हाताने रंगवणारा केस टू त्याच्या गुंतागुंतीच्या अक्षररचनेबद्दल बोलतो तो प्रसंग घ्या. रंग उतरलेल्या प्रतीत त्याच्या बोलण्याचा अर्थच लागणार नाही. हे सर्व सत्तर मिनिटांच्या हिशेबाने सुमारे एक लाख चौकटींमध्ये आहे. नीट काम करायचे तर रीळ हाताने, इंचाइंचाने तपासावे लागते, सुटलेले जोड आणि फाटलेली भोके दुरुस्त करावी लागतात, धूळ धुवावी लागते, मग एकेक चौकट स्कॅन करून, त्या काळाची जाण असलेल्या माणसाला शेजारी बसवून रंग जुळवावे लागतात. ध्वनीची चुंबकीय पट्टी वेगळी असते आणि तिच्यावरचा लोहयुक्त लेप ॲसिटेटचे कुजणे आणखी लवकर घडवून आणतो. हे सारे एकदा करून भागत नाही. डिजिटल प्रतीही काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवत राहाव्या लागतात. वर्गणीतून एक वेळचे काम होऊ शकते. दर काही वर्षांनी येणाऱ्या खर्चासाठी मात्र वर्गणी मागत फिरणे व्यवहार्य नाही.

माहितीपटाच्या निर्मात्याने पडद्यावर दाखवलेल्या मिनिटांच्या कितीतरी पट अधिक चित्रीकरण केलेले असते. त्या गाळलेल्या भागांत काय काय असेल, याचा विचार मनातून जात नाही. आई आपल्या किशोरवयीन मुलाला, स्कीमला, घरात बसून या उद्योगाबद्दल टोकते, तो संवाद चित्रपटात काही मिनिटांचाच आहे, आणि तरीही त्या काळातल्या न्यूयॉर्कमधल्या आई-मुलांविषयी तो जितके सांगतो तितके एखादा जाडजूड अहवाल सांगणार नाही. सिल्व्हर २००८ मध्ये गेले. चित्रपटातला रंगवणारा डोंडी १९९८ मध्ये गेला, केस टू २०११ मध्ये. कोणते दृश्य कुठल्या यार्डातले, चेहरा कोणाचा, अक्षरे कोणाची, हे सांगू शकणारी माणसे आता साठीच्या घरात आहेत. त्यांना बोलावून प्रत्येक रिळाची नोंद करून घेणे हे स्कॅनिंगपेक्षाही तातडीचे काम आहे आणि त्याला पैसाही तुलनेने कमी लागतो.

सरकारी पैशातून गुन्ह्याचे उदात्तीकरण का करावे, असा आक्षेप आपल्याकडे येईल. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे, त्यांच्याकडून तो येणार नाही. यात महापौर आहेत, पोलीस आहेत, वैतागलेले प्रवासी आहेत, आणि ‘समाजात ठसा उमटवा, समाजावर नको’ अशा आशयाची, मुष्टियोद्ध्यांना घेऊन केलेली शहराची जाहिरात मोहीमही आहे. इतरांच्या मेहनतीवर निर्विकारपणे स्वतःचे नाव फासणारा कॅपही त्यात आहे, आणि त्याच्यामुळे मुलांमधल्या तथाकथित बंधुभावाचे वाभाडे निघतात. शहराच्या प्रशासनाची बाजू इतक्या ठळकपणे जपून ठेवणारा दुसरा ग्राफिटीपट मला माहीत नाही. कॉक यांचा तो तिरकस आविर्भाव पुढच्या पिढीला पाहायचा असेल, तर तो इथेच पाहावा लागेल.

शहराच्या दृष्टिकोनात झालेला बदलही आपण जाणताच. लाँग आयलंड सिटीमधील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ची, ग्राफिटीने रंगलेल्या भिंतींची इमारत मी सात नंबरच्या खिडकीतून अनेक वर्षे पाहिली. नोव्हेंबर २०१३ मधल्या एका सकाळी ती रातोरात पांढरी झालेली दिसली, आणि डब्यातल्या सगळ्यांनी एकाच वेळी मान वळवली. पुढे संघीय न्यायालयाने त्या भिंतींवरच्या २१ कलाकारांना ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई मंजूर केली आणि अपिलातही ती कायम राहिली. कोरोना यार्डातल्या पांढऱ्या डब्यांपासून त्या पांढऱ्या भिंतीवरच्या निकालापर्यंतचे अंतर याच एका रेल्वेमार्गावर आहे.

माझी मागणी एका चित्रपटापुरती ठेवण्याचा मोह मी टाळतो, कारण हे दुखणे एकट्याचे नाही. मॅनफ्रेड कर्शहायमर यांचा ‘स्टेशन्स ऑफ द एलेव्हेटेड’ याच गाड्यांवरचा, त्याहून आधीचा, १९८१ चा. जाझ संगीतकार चार्ल्स मिंगसच्या संगीताचे हक्क नीट न मिळाल्यामुळे तो काही दशके जवळजवळ अज्ञातवासात राहिला आणि २०१४ मध्ये पुन्हा प्रेक्षकांसमोर आला. म्हणजे पैसा केवळ प्रयोगशाळेला लागत नाही, संगीताचे हक्क सोडवायलाही लागतो, आणि अनुदानाच्या नियमांत ही बाब बहुधा बसत नाही. आपल्या विभागाने न्यूयॉर्कविषयीच्या सोळा मिलिमीटर माहितीपटांसाठी छोटासा पण कायमचा निधी उभा करावा, त्यात तपासणी, दुरुस्ती, हक्क आणि थंड साठवण या चारही खर्चांना जागा असावी, आणि ‘स्टाइल वॉर्स’च्या उरलेल्या सामग्रीची पाहणी त्याखालचे पहिले काम असावे. अनुदानाच्या बदल्यात एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात यावी आणि ती शाळकरी मुलांना फुकट पाहता यावी, अशी अट मला रास्त वाटते. मालकी हक्क मात्र निर्मात्यांकडेच राहावेत. स्वतंत्र निर्मात्याकडे नोंदणीकृत संस्था नसते, म्हणून त्याला एखाद्या संस्थेमार्फत अर्ज करता यावा.

सरकारने असे काम हाती घेणे अशक्य नसते. माझ्या पुण्यात जानेवारी २००३ मध्ये, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील गोदामाला आग लागून चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मवरचे शेकडो चित्रपट जळाले, आणि त्यांतल्या कित्येकांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ते वर्तमानपत्रात वाचताना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले होते. त्यानंतर बरीच वर्षे गेली, पण २०२२ मध्ये भारत सरकारने पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या माध्यमातून सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये मंजूर केले. त्याच्या तुलनेत मी मागतो आहे ती रक्कम न्यूयॉर्कच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतकी लहान असेल.

रेल्वे राज्याच्या अखत्यारीत येते, शहराच्या नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु ही फिल्म रेल्वेची मालमत्ता नाही, म्हणून मी हे पत्र आपल्याला लिहिले आहे. आगामी अंदाजपत्रकाच्या सुनावणीत हा विषय घेतला जाणार असेल, तर तारीख कळवावी. मी दोन मिनिटे बोलण्यासाठी नाव नोंदवीन, आणि येताना मामाच्या त्या रिळाचा डबा बरोबर आणीन. झाकण आपण स्वतः उघडावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
क्वीन्समधील एक मराठी रहिवासी