फिजीसाठी विकलेलं ‘शून्य मार्कअप’ प्रवासी कार्ड: तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
परकीय चलन विभाग,
पुणे

विषय: प्रवासी कार्डावर चुकीची माहिती देऊन आकारलेलं शुल्क, अडकवून ठेवलेली रक्कम आणि त्यामुळे झालेला भुर्दंड

महोदय,

२०२५च्या ऑगस्टमध्ये फिजीला जाण्यासाठी मी आपल्या शाखेतून परकीय चलनाचं प्रवासी कार्ड घेतलं. त्यात २,५०० अमेरिकी डॉलर भरले. दर ८८ रुपये, एकूण २,२०,००० रुपये, वर जीएसटी २८८ रुपये. हा जीएसटी मी ताडून पाहिला आहे. पहिल्या लाखावर एक टक्का, उरलेल्या रकमेवर अर्धा टक्का, त्याचे झाले १,६०० आणि त्यावर १८ टक्के. हिशेब चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. हे आधीच लिहिते, कारण माझ्या पहिल्या ईमेलला ‘परकीय चलनाचे दर बाजारानुसार बदलतात’ असं उत्तर आलं होतं. दराबद्दल मी विचारलंच नव्हतं.

तक्रार पुढची आहे. कार्ड विकताना आपल्या प्रतिनिधीने माहितीपत्रकातली ‘शून्य मार्कअप’ (म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर वेगळं शुल्क नाही) ही ओळ बोट ठेवून दाखवली आणि म्हणाला, “मॅडम, फिजीत पण डॉलरच आहे, निर्धास्त जा.” फिजीचा डॉलर १९६९पासून वेगळा आहे, तो फिजीची रिझर्व्ह बँक काढते आणि माझ्या प्रवासाच्या काळात तो अमेरिकी डॉलरच्या निम्म्याहूनही कमी किमतीचा होता. पॅसिफिकमध्ये अमेरिकी डॉलर चालणारे देश आहेत: पलाऊ, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया. किरिबाती, नाउरू आणि तुवालूत ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो. सामोआचा ताला, टोंगाचा पांगा, वानुआतूचा वातू. आपल्या माहितीपत्रकात मात्र नारळाच्या झाडाच्या एका चित्राखाली ‘पॅसिफिक बेटे’ असा एकच मथळा आहे आणि या सगळ्यांसाठी एकच कार्ड.

परत आल्यावर कार्डाचा तपशील मागवला. फिजीत कार्डाने जो खर्च केला त्याचे मूळ १,८०० अमेरिकी डॉलर होतात. त्या प्रत्येक व्यवहाराखाली साडेतीन टक्क्यांच्या ‘क्रॉस करन्सी’ शुल्काची (कार्डातल्या चलनाहून वेगळ्या चलनात खर्च केल्याचं शुल्क) वेगळी ओळ आहे, एकूण ६३ डॉलर. माझ्या खरेदीच्या दराने ५,५४४ रुपये. आपल्या दुसऱ्या ईमेलनुसार शून्य मार्कअप फक्त ‘कार्डात भरता येणाऱ्या चलनांना’ लागू आहे आणि फिजी डॉलर त्या यादीत नाही.

मान्य, यादीत नाही. पण मी फिजीला चालले आहे हे आपल्याला ठाऊक होतं. अर्जातल्या ‘भेट देण्याचा देश’ या रकान्यात ‘फिजी’ हा शब्द आपल्याच प्रतिनिधीच्या अक्षरात आहे. मी फक्त सही केली. सोबत तिकिटाची प्रत जोडून घेतली, त्यावर फिजीचं नांदी विमानतळ छापलेलं आहे. म्हणजे हे कार्ड जिथे वापरलं जाणार तिथे एकही व्यवहार शून्य मार्कअपचा होऊ शकत नाही, हे विकण्याच्या क्षणी बँकेच्या कागदांवरूनच उघड होतं. युरोपला जाणाऱ्या माणसाला हे वाक्य सांगितलं तर ती माहिती. मला सांगितलं ती फसवणूक, मग प्रतिनिधीच्या मनात काहीही असो. आणि फिजी आपल्या बँकांना काही अनोळखी मुलूख नाही; बँक ऑफ बडोदाचा तिथला कारभार १९६१पासून आहे.

आता नोटांविषयी. मी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या नोटा मागितल्या होत्या, कारण फिजीत बहुतेक पर्यटक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे, त्या नोटा तिथे कुठेही बदलून मिळतात. उत्तर मिळालं की नोटा एका प्रवासाला ५०० अमेरिकी डॉलरपर्यंतच देता येतात, ‘रिझर्व्ह बँकेचा नियम आहे’. रिझर्व्ह बँकेची मर्यादा ३,००० डॉलर आहे, आणि इराक, लिबिया यांसारख्या काही देशांसाठी त्याहूनही जास्त. ५००चा नियम आपल्या शाखेचा असेल तर तसं सांगायचं होतं, मी दुसरीकडे गेले असते. रिझर्व्ह बँकेचं नाव पुढे केलं की ग्राहक गप्प बसतो, हे काउंटरवरच्या माणसांना चांगलं ठाऊक असतं.

रोकड कशाला लागते, असा प्रश्न आपल्या कार्यालयातल्या कुणाला पडला असेल तर सांगते. नांदीच्या टॅक्सीवाल्याला रोख हवी. बाजारात पपई आणि तारोचे कंद मांडून बसलेल्या बाईला रोख हवी. मामानुथा आणि यासावाच्या बहुतेक बेटांवर एटीएम नाही. गावात जायचं तर आधी यांगोना या झाडाच्या मुळ्यांची जुडी विकत घेऊन ती मुखियापुढे ठेवायची पद्धत आहे, सेवुसेवु म्हणतात; ती जुडी कार्डावर मिळत नाही. आमचा टॅक्सीवाला गिरमिटियांच्या, म्हणजे ब्रिटिश काळात करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशातला, हिंदी बोलणारा. त्याने गाडी सुरू करण्याआधी विचारलं, ऑस्ट्रेलियन नोटा आणल्या ना? विमानतळाबाहेरच्या त्या माणसाला जे ठाऊक होतं ते आपल्या परकीय चलन विभागाला ठाऊक नसावं हे पटत नाही.

सगळ्यात मोठा मनस्ताप मात्र याहून वेगळ्या गोष्टीने झाला. मामानुथाच्या एका बेटावरच्या रिसॉर्टने आम्ही पोचताच कार्डावर १,००० फिजी डॉलर, म्हणजे सुमारे ४४० अमेरिकी डॉलर, अनामत म्हणून रोखून ठेवले. हॉटेलांची ही नेहमीची रीत आहे, त्यात रिसॉर्टचा दोष नाही. निघताना त्यांनी बिल वेगळं वसूल केलं, अनामत सोडून दिली आणि तसं पत्रही दिलं. क्रेडिट कार्डावर अशी रक्कम रोखली तर आपल्या मर्यादेतले काही पैसे काही काळ अडतात, इतकंच. आगाऊ भरलेल्या कार्डात मात्र ते आपले खरे पैसे असतात. बिलही गेलं आणि अनामतही गोठली. अशा कार्डावर हॉटेलची अनामत देऊ नका, त्यासाठी क्रेडिट कार्ड पुढे करा, हे एक वाक्य काउंटरवर सांगायला किती वेळ लागला असता? माहितीपत्रकात तर चक्क उलट लिहिलं आहे: ‘हॉटेल, भाड्याची गाडी, सर्वत्र स्वीकार’.

परिणाम फिजीच्या राजधानीत, सुवात दिसला. कार्डावर वापरता येण्याजोगे १९७ डॉलर उरले होते आणि हॉटेलचं बिल जवळपास ४७७ डॉलरचं होतं. अनामत सुटली असती तर ६३७ डॉलर हाताशी असते. कार्ड नाकारलं गेलं. काउंटरसमोर माझ्या सासूबाई बॅगांवर बसलेल्या, मागे रांग, आणि मशीनवर तीच ओळ पुन्हा पुन्हा. शेवटी ते बिल मी दुसऱ्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर भरलं. ४२,००० रुपयांवर साडेतीन टक्के मार्कअप म्हणजे १,४७०, त्यावर जीएसटी २६४ रुपये ६० पैसे. हे १,७३४ रुपये ६० पैसे केवळ आपण माझी रक्कम मोकळी केली नाही म्हणून गेले. त्या मशीनने रुपयांत पैसे द्यायचे का असंही विचारलं होतं. मी नाही म्हटलं, नाहीतर मशीनने लावलेल्या महाग दराने आणखी एक कात्री लागली असती. हा सापळाही ग्राहकाला आधी सांगायला हवा, पण तो विषय आज बाजूला ठेवते.

आपली मदतवाहिनी हा स्वतंत्र अध्याय आहे. कार्डाच्या मागे १८००ने सुरू होणारा क्रमांक छापला आहे. तो भारताबाहेरून लागत नाही. परदेशात वापरण्याच्या कार्डावर! दुसरा क्रमांक शोधून फोन केला तर कळलं की चोवीस तास फक्त कार्ड बंद करून मिळतं. रोखलेली रक्कम सोडवणारा विभाग सकाळी दहा ते सहा चालतो. फिजीची घड्याळं आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे. पुण्यात दहा वाजतात तेव्हा सुवात संध्याकाळचे साडेचार झालेले असतात आणि तिथल्या बँका चारच्या सुमारास बंद झालेल्या असतात. म्हणजे आपल्या माणसाने ‘स्थानिक बँकेतून चौकशी करा’ असा सल्ला द्यावा आणि ती बँक नुकतीच बंद झालेली असावी, हे रोजचं. रिसॉर्टचं पत्र मी तिथूनच ईमेलने पाठवलं. त्यावर ‘३० दिवस वाट पाहा’ असं उत्तर आलं. ते दिवस उलटून गेले. ४४० डॉलर आजही कार्डावर ‘प्रलंबित’ दिसतात.

शाखेत चौकशी केली तर आपल्या अधिकाऱ्यांनी नवीच वाट दाखवली: रक्कम सुटली की शिल्लक परत करा, आपण ती आजच्या खरेदी दराने, ८५ रुपये २० पैशांनी घेऊ. उरलेल्या १९७ डॉलरबद्दल माझा वाद नाही, ते मी माझ्या सोयीने परत करेन; परतल्यापासून १८० दिवसांची मुदत मलाही माहीत आहे आणि २,००० डॉलरपर्यंत स्वतःकडे ठेवण्याची मुभाही. पण ४४० डॉलर मी हौसेने शिल्लक ठेवलेले नाहीत. ते वापरायला मागितले तेव्हा मिळाले नाहीत. ८८ने विकून, अडकवून ठेवून, ८५.२०ने परत घेणं म्हणजे त्या रकमेवर १,२३२ रुपये माझ्याच खिशातून काढणं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. क्रॉस करन्सी शुल्काचे ६३ डॉलर परत करावेत. रोखलेले ४४० डॉलर तात्काळ मोकळे करून माझ्या खरेदी दराने, म्हणजे ३८,७२० रुपये, माझ्या बचत खात्यात जमा करावेत. क्रेडिट कार्डावरचा १,७३४ रुपये ६० पैशांचा भुर्दंड भरून द्यावा. आणि फिजीला निघालेल्या पुढच्या ग्राहकासाठी माहितीपत्रकातल्या ‘शून्य मार्कअप’च्या शेजारीच, तळटीपेत नव्हे, कोणत्या चलनांना तो लागू नाही हे छापावं. शेवटच्या मागणीला ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असं उत्तर नको. काय बदललं ते कळवावं.

प्रतिनिधीवर कारवाई करा असं मी म्हणत नाही. त्याला विकायला दिलेला कागदच तसा आहे. त्याचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही आणि सगळं त्याच्या माथी मारून प्रकरण मिटवू नये ही विनंती.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार दाखल करेन. त्यासाठीची कागदपत्रं लावून ठेवली आहेत, त्यांच्याच प्रती सोबत आहेत. उत्तर ईमेलवर चालेल, फोन नको.

आपली,
(सही)
खातेदार, पुणे

सोबत: अर्जाची प्रत, तिकिटाची प्रत, माहितीपत्रकाचं पान, कार्डाच्या व्यवहारांचा तपशील, अनामत सोडल्याचं रिसॉर्टचं पत्र, क्रेडिट कार्डाचं विवरण, आजवरचे ईमेल.