काजळीवर रंग चढू दिला नाहीत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नेरूळच्या आमच्या घरात एसीच्या वायरिंगमधून लागलेली आग अग्निशमन दलाच्या जवानांनी दिवाणखान्यातच रोखली. त्यांचे आभार आम्ही केंद्रावर जाऊन मानले. हे पत्र त्यानंतरच्या कामाबद्दल आहे. नातेवाईक झाडू आणि बादल्या घेऊन जमले होते, रंगारी ‘दोन हात मारले की घर नवे’ असे सांगत होता, तेव्हा आपण वरच्या मजल्यावरून खाली आलात आणि सर्वांना दाराबाहेर थांबवलेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रसायन कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलेल्या आपल्या शब्दाला वजन होतेच; पण आपण नुसते थांबवले नाहीत, कारणही समजावून सांगितलेत.

चुलीच्या काजळीत वाढलेल्या आमच्या आईला काजळीची भीती कधीच नव्हती. आपण तिला सांगितलेत, की ही काजळी लाकडाची नाही. सोफ्यातला पॉलीयुरेथेन फोम जळताना हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू बाहेर पडतो, वायरींवरचे पीव्हीसी प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू. वायू हवेबरोबर निघून जातात, तरी आम्लाचा अंश काजळीला चिकटून राहतो आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ओलावा धरतो. नळाच्या तोट्यांवर आणि बिजागऱ्यांवर उमटलेले डाग दाखवून, जे धातूला झोंबते ते डोळ्यांना आणि घशाला झोंबणारच, असे आपण म्हणालात, तेव्हा आईने स्वतःहून पदर नाकाला लावला. पदराने काही अडत नाही, हेही आपण लगेच सांगितलेत. धुरातील 2.5 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात आणि तिच्यासारख्या दम्याच्या रुग्णाला त्यांनीच धाप लागते. कोरड्या झाडूने ते पुन्हा हवेत उडतात. एन-95 मास्क हे कण अडवतो, वायू आणि वास अडवत नाही, हा फरक आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता.

कर्करोगाबद्दल आपण जे बोललात ते मला विशेष भावले, कारण त्यात घाबरवणे नव्हते. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांमधील कर्करोगाचा संबंध 1775 मध्येच काजळीशी जोडला होता. परंतु तो धोका वर्षानुवर्षांच्या संपर्काचा असतो, काही दिवसांच्या सफाईचा नव्हे, हे आपण स्पष्ट केलेत. आपली खरी काळजी आमच्या रांगणाऱ्या मुलीची होती. फरशीवर बसलेली काजळी हातांवाटे तिच्या तोंडात जाणार, म्हणून पूर्ण सफाई होईपर्यंत तिला आणि आईला वाशीला मामाकडे ठेवण्याचा आग्रह आपण धरलात.

मग अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम आपल्या ओळखीतून मिळाला. आधी व्हॅक्यूम, मग कोरडा स्पंज वरून खाली, आणि त्यानंतरच साबणाचे पाणी, हा क्रम आपण पाळायला लावलात. तेलकट काजळीला आधीच पाणी लागले असते तर ती भिंतीत मुरली असती. आतल्या खोलीचा एसी शाबूत दिसत होता, तरी त्यानेही धूर ओढला असणार म्हणून तो साफ होईपर्यंत चालू करू दिला नाहीत. उशा, गादी, उघडे धान्य, धूर लागलेली औषधे आणि टूथब्रश टाकून द्यायला लावलेत. आईच्या गोधडीवरून मात्र थोडी वादावादी झाली. सुती आहे, वेगळी धुवा, वास गेला तर ठेवा, असा निवाडा आपण दिलात, गोधडी राहिली. (सोफ्यासाठी कुणीच वाद घातला नाही.)

रंगाच्या बाबतीत आपण सर्वांत कठोर होतात. न पुसलेल्या काजळीवर रंग दिला तर डाग आणि वास दोन्ही वर येतात, विशेषतः पावसाळ्यात, म्हणून भिंती धुऊन, पूर्ण वाळवून, डाग रोखणारा प्रायमर लावल्यावरच रंगाऱ्याला आत घेतले. तो कुरकुरला, पण पावसाळ्यानंतरही भिंतीवर पिवळा डाग नाही, हे त्याने स्वतः येऊन पाहिले आणि प्रायमरचे नाव लिहून नेले.

आईचा पंप आता पूर्वीइतकाच लागतो, जास्त नाही. आपण वहीच्या पानावर लिहून दिलेला सफाईचा क्रम सोसायटीच्या फलकावर लावण्याची सचिवांची इच्छा आहे. आपली हरकत नसेल तर कृपया कळवावे.

आपले कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरील कुटुंब