शिआनच्या आजोबांना, एका वाडग्याबद्दल

चीनमधल्या शिआनच्या मुस्लिम मोहल्ल्यातले आजोबा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तरी माझ्या जिभेवर ते नीट बसलं नसतं, तेव्हा 'आजोबा'च म्हणते. तुमची पांढरी टोपी पाहून गावच्या पारावरचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.

त्या दुपारी नगारखान्याखालून मी एकटीच आत शिरले. 1380 सालची एवढी थोरली इमारत, पण माझं सगळं लक्ष मटणाच्या धुराकडे. मोठ्या रस्त्यावर नुसती जत्रा होती, म्हणून आडगल्लीत वळले आणि जिथे गावचीच माणसं जेवत होती तिथे तुमच्यासमोर येऊन बसले. बाईंनी रिकामा वाडगा ठेवला, त्यात एक जाड, घट्ट, पांढुरकी रोटी. रस्सा नाही की चमचा नाही. मी ती तशीच चावायला घेतली आणि तुम्हाला हसू फुटलं.

यांगरोऊ पाओमो (मटणाच्या रश्शातली रोटी) खायचं म्हणजे ती रोटी आधी आपणच चुरायची, हे मला कुठे ठाऊक? मग चुरली. दुधात भाकरी कुस्करतो तशी, भराभर. तुम्ही वाडग्यात डोकावलात, मान हलवलीत आणि करंगळीचं नख दाखवलंत: एवढा तुकडा. मोबाईलमध्ये काहीतरी बोललात, तर भाषांतर उमटलं, "मोठे. सूप आत जात नाही." आणि माझा वाडगा स्वतःकडे ओढून तुम्ही चिमटीने तोडायला लागलात. अर्धा तास तरी आपण दोघं शेंगा सोलत बसल्यासारखे बसलो होतो. असं निवांत मी सासरी आल्यापासून कधी बसले नव्हते, हे आपलं उगाच सांगते.

मग वाडग्याला नंबराचा चिमटा लावून तो आत गेला आणि मटण, शेवया, वाफाळता रस्सा घेऊन परत आला. मी ढवळायला चमचा घातला तर तुम्ही हात धरलात. ढवळायचं नाही, कडेकडेने खात आत जायचं. सोबत गोडसर मुरवलेला लसूण. त्या लसणासाठी मी पुन्हा चीनला जाईन.

पैसे द्यायच्या वेळी माझ्या मोबाईलने दगा दिला. मी शंभर युआनची नोट काढेपर्यंत तुम्ही तुमचा फोन दाखवून मोकळे. नोट काही केल्या घेईनात. शेवटी पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की दिली. ती तोंडात टाकताच तुम्ही मला जवळजवळ ओढतच कोपऱ्यावर नेलंत. तिथे दोन पोरं लाकडी हातोड्यांनी आळीपाळीने दाणे आणि पाक कुटत होती. म्हणजे चिक्कीच की! फक्त कुटून कुटून भुसभुशीत केलेली.

दुसऱ्या दिवशी ह्युएन त्सांग या बौद्ध भिक्षूसाठी दायान पॅगोडा पाहिला. सातव्या शतकात तो तुमच्या गावाहून आमच्या महाराष्ट्रात आला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. दुसऱ्याबद्दल घरच्यांना विचारा. पहिल्यासाठी हे पत्र.

ती शंभराची नोट अजून पाकिटात तशीच आहे.

आपली,
वाडगा नंबर 37
(मुक्काम नाशिक)