ओळखीतल्या ई-मेललाही मायना हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेली काही वर्षे मी एका सार्वजनिक वाचनालयाचा पत्रव्यवहार सांभाळते. पूर्वी पोस्टकार्डांवर चालणारे हे काम आता बहुतेक सगळे ई-मेलवर चालते. मागच्या पावसाळ्यात एका जुन्या सभासदांना मी घाईत दोन वाक्ये पाठवली : ‘आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे. पुस्तक परत करावे.’ वर नमस्कार नव्हता आणि खाली ‘कळावे’ही नव्हते. हे सभासद निवृत्त शिक्षक आहेत. दुसऱ्याच दिवशी ते भर पावसात आले, पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “ताई, चार दिवस उशीर झाला हे खरे, पण मला नोटीस कशाला पाठवलीत?” माझ्या मजकुरात एकही शब्द वावगा नव्हता, तरीही त्यांचे म्हणणे बरोबर आहे हे मला तिथेच पटले आणि मी त्यांची क्षमा मागितली. ओळखीच्या माणसाला बिनमायन्याचे लिहिले की त्याला ते फलकावरच्या सूचनेसारखे वाटते, मग आतला मजकूर कितीही सभ्य असो.

अनौपचारिक ई-मेलला मायन्याची गरज नाही, असे अनेक तरुण सभासद मला सांगतात. ‘हाय’ पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे असते. इंग्रजीत ते पुरतेही, कारण तिथे पुढे सगळ्यांना एकच सर्वनाम लागते. मराठीत मात्र लिहिणाऱ्याला आरंभीच ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचे काम मायना करतो. ‘प्रिय मैत्रिणीस’ असे लिहिले की पुढचे ‘तू’ आपोआप येते. ‘काका, सादर नमस्कार’ असे लिहिले की ‘तुम्ही’ येते. ‘हाय सर’ असा आरंभ करून पुढे ‘पाठवा’, ‘पाठवाल का’ की ‘पाठवावे’ यात अडखळलेली आणि शेवटी कर्ताच गाळून ‘यादी मिळेल का’ एवढ्यावर थांबलेली कितीतरी पत्रे मी वाचते. लिहिणाऱ्याच्या मनात उद्धटपणा नसतो, हे मला ठाऊक आहे. आपले नाते कोणते, हे पहिल्या ओळीत न ठरल्यामुळे ही अडचण होते.

‘डिअर’च्या जागी सरसकट ‘प्रिय’ लिहिणे हाही उपाय नव्हे. मराठी पत्रात ‘प्रिय’ हा शब्द जिव्हाळ्याच्या, बहुधा बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसासाठी येतो. कधीही न भेटलेल्या माणसाला ‘प्रिय महोदय’ म्हणणे कानाला खटकते. ‘शुभ सकाळ’ने आरंभ करणेही मला पटत नाही, कारण ई-मेल उघडणाऱ्याकडे तेव्हा रात्र असू शकते, आणि मुले परदेशी असलेल्या घरांत तर ती बहुधा असतेच.

जुने मायने जसेच्या तसे परत यावेत, असे मी म्हणत नाही. ‘ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.’ (शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष) आणि ‘चि. मुलास अ. उ. आ.’ (अनेक उत्तम आशीर्वाद) यांत वयाची उतरंड होती, ती एक वेळ सोसता येईल; परंतु बाईचे नाव लिहिण्याआधीच ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ लिहून तिचा नवरा आहे की नाही हे पाकिटावर जाहीर करण्याची रीत गेली, हे फार चांगले झाले. त्या पत्रांतली एक गोष्ट मात्र मला मनापासून परत हवी आहे. आंतर्देशीय पत्राच्या कडेला उभ्या ओळीत लिहिलेले ‘वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ हे वाक्य पत्र घरात मोठ्याने वाचले जाईल हे गृहीत धरून लिहिलेले असे. ई-मेल एकालाच जाते, तरी ‘घरी सर्वांना नमस्कार सांगावा’ असे लिहायला कोणाचीही आडकाठी नाही.

शेवटाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण तिथे जास्त हयगय होते. ‘रिगार्ड्स’चा पर्याय म्हणून पुष्कळजण ‘शुभेच्छा’ लिहितात. वाढदिवस नाही, परीक्षा नाही, मग शुभेच्छा कशासाठी, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. काम होण्याआधीच लिहिलेले ‘धन्यवाद’ तर मला नेहमी गळ घातल्यासारखे वाटते. आपल्याकडे ‘कळावे, लोभ असावा’ हे तयार आहे आणि त्याला नेमका अर्थ आहे : सांगायचे ते सांगून झाले, आता स्नेह राहू द्या. पत्र संपले हे स्पष्ट सांगण्याची काळजी आपल्या दफ्तरांत फार जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा उमटवलेली असे, म्हणजे मजकुराची मर्यादा इथे झाली. तिच्यापुढे कोणी काही घुसडू शकत नसे. मोबाइलवर मात्र पुष्कळदा शेवटची ओळ ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’ ही असते, आणि २०१७ पासून जीमेल मोबाइलवर तयार उत्तरेही सुचवू लागले आहे, त्यामुळे एका स्पर्शात बिनमायन्याचे उत्तर जाते.

एकाच दिवसात चार वेळा उत्तरे-प्रत्युत्तरे होत असतील तर प्रत्येक वेळी नमस्कार लिहिण्याचे कारण नाही. पहिल्या पत्रातला पुरतो. पण दोन आठवड्यांनी तोच विषय पुन्हा निघाला, तर पुन्हा लिहावा.

त्या प्रसंगानंतर आम्ही वाचनालयातून जाणारी स्मरणपत्रे बदलली. आता आरंभी सभासदाचे नाव आणि ‘सप्रेम नमस्कार’ असते, मग मुदतीची आठवण, मग ‘पुस्तक अजून वाचून झाले नसेल तर मुदत वाढवून देता येईल’ हे एक वाक्य, आणि शेवटी ‘कळावे’. हे मधले वाक्य आम्ही आधी कधीच लिहिले नव्हते. नमस्काराने आरंभ केल्यावर ते लिहावेसे वाटले.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा