डिझेल गाडीचा खरा ॲव्हरेज टाकीतूनच कळतो

संपादक महोदय,

डिझेल गाडीच्या स्क्रीनवरचा ॲव्हरेज मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो. इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) किती वेळ उघडा राहिला आणि त्याला डिझेल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब किती होता, यावरून इंधनाचा अंदाज बांधला जातो. इंजेक्टर झिजले की तो चुकतो.

पडताळणी टाकी ते टाकीच करावी: टाकी भरून किमी नोंदवावे आणि पुढच्या वेळी टाकी भरायला जितके लिटर लागतील, त्यांनी मधल्या किमीला भागावे. डिझेलला फेस फार येतो, त्यामुळे नोझल पहिल्यांदा कट होते तेव्हा टाकी भरलेली नसतेच. फेस बसेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबून, नोझलमधून हळू धार सोडून दुसऱ्या कटपर्यंत भरावे. काठोकाठ मात्र नको, उन्हात डिझेल फुगते. पुढच्या वेळी पंप, नोझल आणि गाडी उभी करण्याची जागा तीच हवी. निदान ३०-४० लिटर जळल्याशिवाय आकडा धरू नये. एका लिटरची चूक ४० लिटरांत अडीच टक्के, १० लिटरांत तब्बल दहा टक्के! ६४० किमीला ४० लिटर म्हणजे १६, स्क्रीन १७.२ दाखवत असेल तर यापुढे तिच्या आकड्याला ०.९३ने गुणावे. बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जादा डिझेल जळते, म्हणून एकाच फेरीत ॲव्हरेज घसरला तर लगेच गॅरेज गाठू नये.

विक्रेत्यांनी गाडी ताब्यात देतानाच ही पद्धत ग्राहकाला समजावून द्यावी.

– एक वाचक, पुणे